देवमाशाचं वय

लहानग्या लवूचा आवाज बारीक झालाय, हे घरात सर्वांत आधी उत्तराच्या लक्षात आलं. सर्वांत आधी आणि फक्त तिच्याच.

"अगं, खाली वाण्यापर्यंत ऐकू जातो तो," तिचा नवरा श्यामकांत म्हणाला.

उत्तरा प्राणिशास्त्राची पदवीधर होती. तिने वाचून काढलं. मळाने कान बंद झाले, की मुलाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो, म्हणून ते हळू बोलतं. लवू तर नुकता कुठे बोलायला लागलेला. असाच राहिला तर? त्यातच रेडिओचे सेल उतरले, दाराची बेल मंदावली आणि कुकरची शिट्टी बिघडून भात करपला.

सासूबाईंनी, म्हणजे वनमालाबाईंनी, लसणीचं तेल कोमट केलं.

"तेल नाही घालायचं, आई! घास चावताना जबडा हलतो ना, त्यानं मळ आपोआप बाहेर येतो. मी आजवर कानात काडी घातलेली नाही. देवमाशाचा मात्र साठत जातो. त्याचे थर मोजून वय सांगतात."

"कानात शिरून मोजतात गो?"

"मेल्यावर."

"मग वय कळून त्याला काय उपयोग?"

शेवटी लवूला घेऊन दोघी बोरीवली स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. बत्ती कानाशी येताच लवूने असा टाहो फोडला, की बाहेरचे दोन पेशंट उठून गेले.

"बघा ना, कसं क्षीण रडतोय!" उत्तरा म्हणाली.

डॉक्टरांनी लवूला आजीकडे दिलं आणि स्टुलावर उत्तराला बसवलं. थोड्या वेळाने ट्रेमध्ये दोन तपकिरी बोळे पडले. आत कापूस होता.

वनमालाबाईंनी वाकून वास घेतला. "ओवा! म्हणजे बाळंतपणातले. वारं लागू नये म्हणून मीच घातलेले. तू काढले असशील म्हणून मी काढले नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही काढलेत."

"सव्वा वर्ष झालं गो. बघ, जिवंतपणीच कळलं."

लवू पुन्हा रडला. उत्तरा स्टुलावरून पडता पडता वाचली.

परतताना रिक्षात वनमालाबाई नेहमीसारख्या बाहेर तोंड करून पुटपुटल्या, "शिकलेली म्हणे! भात रोजचा कच्चा, नाहीतर करपलेला."

"काय म्हणालात, आई?"

वनमालाबाई दचकल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि पिशवीत हात घातला.

"काही नाही गो. वारं फार आहे. घे, कानात जरा कापूस घाल."