कंसाबाहेरचे सहा लाडू

पाव्हण्याची एक ओळभर गंमत करावी, एवढाच माझा बेत होता. लिहिता लिहिता ती दोन ओळींची झाली, आणि सगळा घोळ त्या दुसऱ्या ओळीनं केला.

मी जोतीराम. फौजेत सव्वीस वर्षं गाड्या चालवल्या आणि हवालदार होऊन घरी आलो. शिक्षण सातवी. (म्हणजे सातवीच्या वर्गात दोन वर्षं बसलो. पास झालो असं मी कुठंही म्हटलेलं नाही.) वडूजपासून चार मैलांवर आमचं गाव. गावातलं एकही घर माझ्या खोड्यांतून सुटलेलं नाही. तलाठ्याच्या सायकलीचं हँडल उलटं बसवून ठेवलं होतं ते मीच, हे आता लिहून टाकायला हरकत नाही; तलाठी बदलून गेला.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याची. मुलगा ऋषिराज फौजेत, तिकडं आसामात. सून संयोगिता बी.एस्सी., माहेर कवठे महांकाळ. वर्षभर रोज एस.टी.नं साताऱ्याला जाऊन तिनं कॉम्प्युटरचा क्लास केला. सी नावाची भाषा शिकली. मी तिला विचारलं, ए आणि बी कुठं गेल्या? ती म्हणाली, "मामा, बी होती की आधी." गंमत माझी, आणि उत्तर खरं निघालं. असली सून असली की माणसाला थट्टा करायची चोरी होते.

क्लासच्या देवदत्त सरांना आमच्या भागात शाखा काढायची होती. आमची पुढची खोली त्यांना पसंत पडली. त्यांनी जीपमधून कॉम्प्युटर आणून ठेवला, पण अट घातली. दसऱ्याला अकरा वाजता गावासमोर संयोगितानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. चालला, तर शाखेची किल्ली तिच्या हातात आणि ती मॅडम. नाही चालला, तर मशीन त्याच जीपमधून परत आणि शाखा खंडाळ्याला.

प्रोग्रॅम असा होता: नंबर दाबला की पडद्यावर त्या मानकऱ्याचं नाव उमटायचं, मग सरांनी त्याला नारळ द्यायचा. एक नंबर सरपंच दादासो, दोन नंबर त्यांची मंडळी मनुबाई (महिला मंडळाच्या अध्यक्ष), तीन नंबर संयोगिताचे वडील भाऊसो, आणि घरचा म्हणून शेवटी मी. ही नावं कुठल्या क्रमानं घालायची यावर पोरीनं चार दिवस घालवले. बाकी प्रोग्रॅमला दोनच लागले होते.

आता या भाऊसोंबद्दल सांगितलं पाहिजे. उसाचे बागायतदार, माणूस दिलदार, पण रुसण्यात पटाईत. लग्नात रुसायचा मान मुलाकडच्यांचा असतो, ही जगाची रीत. आमच्या इथं मुलीचा बाप रुसला. दोन तास पंगत अडवून धरली, आणि उठल्यावर त्याच पंगतीत लाडवांचा फडशा पाडला. अशा माणसाची सगळ्या गावासमोर थट्टा करायची संधी मी सोडणार होतो काय?

दसऱ्याच्या सकाळी पाव्हण्याला आणायला वडूजच्या स्टँडवर मीच जायला हवं होतं. व्याह्याला व्याह्यानं आणायचं असतं. मी गुडघा धरून बसलो. गावातली भाड्याची जीप करून संयोगिता गेली. ती वळणापलीकडं दिसेनाशी झाली आणि माझा गुडघा बरा झाला.

वर्षभर तिच्या मागं उभा राहून मी बघत होतो, त्यामुळं एफ-टू म्हणजे जपून ठेव आणि कंट्रोल एफ-नाईन म्हणजे पळ, एवढं मला येत होतं. इंग्रजी अक्षरं फौजेनं शिकवलेली. तिच्या प्रोग्रॅममध्ये एके ठिकाणी "जर नंबर शून्य असेल तर" अशी ओळ होती. ती बघून मी माझी लिहिली: जर नंबर तीन असेल, तर छाप, "यांनी रुसून दोन तास पंगत अडवली." ओळ बघून मलाच हसू आलं. मग खाली दुसरी घातली: "आणि वर सहा लाडू खाल्ले."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वरच्या बाजूला एका ओळीवर एक वाकडा कंस एकटाच बसलेला दिसला. पुढं काही नाही, मागं काही नाही. फौजेत आमच्या बरॅकमध्ये असं बिनकामाचं काही पडलेलं दिसलं की सुभेदार कान उपटायचा. मी तो कंस पुसला, एफ-टू दाबलं आणि कंट्रोल एफ-नाईन.

पडद्यावर लाल पट्टी आली. एरर तेवीस.

घड्याळात साडेनऊ. मी खाली वाचत गेलो. मशीन म्हणे या ओळीत हे चुकलं, त्या ओळीत ते चुकलं. ज्या ओळींना मी हातही लावला नव्हता, त्यांचीही तक्रार. मी तळातून सुरुवात केली. एका ओळीत अर्धविराम घातला, एरर चोवीस. दुसरीत एक कंस घातला, तर मशीननं सांगितलं की आता चुका फार झाल्या, पुढं मोजत नाही. (माझ्या सातवीच्या मास्तरांनी हेच वाक्य म्हटलं होतं. ते पुढं या मशीनच्या कंपनीत लागले असावेत.)

विचार करताना माझा हात मधूनच मागच्या फळीकडं जात होता. तो का, ते पुढं येईल.

एवढ्यात राहीबाई, म्हणजे आमच्या घरातल्या, पुरणाचा हात पुसत बाहेर आल्या. माझा चेहरा बघितला, लाल पट्टी बघितली, आणि सगळं समजल्या.

"आवं, काय केलंसा?"

"काय न्हाई. मशीन जरा रुसलंय."

"रुसायसारखं काय केलंसा त्ये इचारते मी."

मग मला सगळं सांगावं लागलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, मोठ्यानं वाचा त्याची गाऱ्हाणी. मी तळातून वाचायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"लग्नात तुमी हेच केलंसा. भाऊसोंनी गाऱ्हाणी सांगितली, पाणी गरम हाय, मांडव तिरका हाय, बँडवाला भराभर वाजीवतोय. तुमी एकेकाला उत्तरं देत बसलासा. पाण्यात बरफ घातला, मांडवाचा खांब हलीवला. त्यो उठला का?"

उठला नव्हता हे मला मान्य करावं लागलं.

"त्याचं पहिलं गाऱ्हाणं काय हुतं? त्याच्या मामाला फेटा बांधला न्हाई. म्या जाऊन मामाला फेटा बांधला, आन सगळी आपसूक पंगतीला बसली. ह्या मशीनचं पहिलं गाऱ्हाणं वाचा. बाकीची वाचू बी नका."

मी वर गेलो. पहिलं गाऱ्हाणं सातव्या ओळीचं. सातव्या ओळीच्या वर सहावी ओळ. सहावी ओळ रिकामी.

रिकामी का, ते मला माहीत होतं. तिथला फेटा मीच उतरवला होता.

घातलेला अर्धविराम काढला, घुसडलेला कंस काढला, आणि सहाव्या ओळीवर तो वाकडा कंस होता तसा बसवला. कंट्रोल एफ-नाईन. तेवीसच्या तेवीस एरर गेल्या. एररही शून्य, वॉर्निंगही शून्य. राहीबाईंनी कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या. मी मात्र मिशीला पीळ भरला. साताऱ्याच्या क्लासला वर्षभर न जाता मी तासाभरात तेवीस एरर काढल्या होत्या. (घालायला दोन मिनिटं लागली होती, तो भाग मी सांगत नाही.) माझ्या दोन ओळी मात्र पुसायच्या राहिल्या. राहिल्या म्हणजे, मी ठेवल्या.

अकराला खोली भरली. गाव दारात, खिडकीत, ओट्यावर. चपलांचा ढीग बाहेर. भाऊसो कडक इस्त्रीत, मी स्टँडवर न आल्यामुळं अर्धवट रुसलेले, पुढच्या खुर्चीवर. संयोगिता मशीनपुढं बसली. तिनं एक दाबला. इंग्रजी अक्षरं गावाला वाचता यायची नाहीत म्हणून सर मोठ्यानं वाचत होते.

"सरपंच दादासो," सर म्हणाले. टाळ्या झाल्या. सर जरा थांबले आणि पुढं वाचलं, "आणि वर सहा लाडू खाल्ले."

ही ओळ तीन नंबरची होती, एकला कशी आली?

दादासोंना साखरेचा आजार. मनुबाई सावकाश नवऱ्याकडं वळल्या. "कवा?"

दादासो मशीनकडं बघत राहिले. मग पडक्या आवाजात म्हणाले, "सहा न्हाईत गं. चारच. आन ती बी बारकी हुती."

खोली अशी हसली की खिडकीतलं एक माणूस खाली पडलं. संयोगितानं घाबरून दोन दाबला. सरांनी वाचलं, "मनुबाई. आणि वर सहा लाडू खाल्ले." मनुबाईंनी नऊ दिवस नवरात्राचा कडक उपास धरला होता, हे साऱ्या गावाला त्यांनीच सांगितलं होतं. आता दादासोंची पाळी. मनुबाई म्हणाल्या, "शेंगदाण्याचं हुतं. उपासाला चालत्यात." आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसायला लागल्या.

तोवर गावाची खात्री पटली होती की मशीन पोटातलं ओळखतं. मागचे दोघंतिघं हळूच ओट्यावरून उतरले. संयोगितानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तिनं तीन दाबला.

"भाऊसो," सर वाचू लागले. "यांनी रुसून दोन तास पंगत अडवली. आणि वर सहा लाडू खाल्ले."

कुणी हसेना. भाऊसो उठून उभे राहिले. आता हा बाहेर जाणार, पोरीलाही नेणार, आणि मशीन खंडाळ्याला. माझा गुडघा खराच दुखायला लागला.

"खोटं हाय," भाऊसो म्हणाले. "नऊ खाल्लं हुतं. माझ्या लेकीच्या लग्नाचं लाडू, सहावर थांबाया म्या काय आजारी हुतो?"

आणि असे हसले की टेबलावरचा नारळ गडगडला. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सरांना सांगितलं की किल्ली द्या, पोरीनं वरीस वाया घालवलं न्हाई. सरांनी किल्ली दिली. त्याच जागी अकरा पोरापोरींनी नावं नोंदवली. मनुबाईंनी सुनेचं नाव घातलं आणि वर विचारलं की नवऱ्याच्या चहाचंही कळतं का ह्याच्यावर.

सगळे पांगल्यावर संयोगितानं प्रोग्रॅम उघडला आणि शांतपणे मला दाखवलं.

"मामा, नुसतं 'जर' म्हटलं की ते पुढच्या एकाच ओळीला लागू होतं. घरटी एकालाच आवतन, तसं. तुमची दुसरी ओळ बाहेर राहिली, ती सगळ्यांच्या ताटात गेली. दोघींना बसवायचं तर चूलबंद आवतन लागतं, अख्ख्या घराला मिळून. अलीकडं कंस, पलीकडं कंस."

म्हणजे तो बिनकामाचा कंस. मी मान डोलावली आणि आजच्या विजयात माझाही वाटा कसा आहे ते तिला सांगणार, तोच राहीबाई दारात आल्या.

"मामांचा नंबर ऱ्हायलाच की गं. दाब चार."

तिनं दाबला. माझं नाव आलं, आणि खाली तीच ओळ. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. ओळ माझीच होती, ती सगळ्यांना लागत होती, त्यात काही अर्थ नव्हता, हे मला आता शास्त्रशुद्ध समजलं होतं.

राहीबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळीवरून नैवेद्याच्या लाडवांचा डबा काढला. सकाळी एकवीस वळून ठेवले होते. माझ्या समोर टेबलावर एकेक मोजून ठेवला. पंधरा भरले.

तेव्हापासून आमच्या घरात लाडवांचा डबा भरला की त्याच्या अलीकडं राहीबाई बसतात आणि पलीकडं सूनबाई.