चेंडू अडवतानाचा फोटो

सासऱ्यांना फक्त एक फोटो हवा होता. मुलगा चेंडू अडवतोय, असा. दिवाणखान्यात लावायला. मुलगा इतकी वर्षं फुटबॉल क्लबाचा गोलकीपर, पण गोलकीपरचे फोटो सहसा कोणी काढत नाही. काढलेच तर गोल झाल्यावर काढतात. आता त्याच्या गुडघ्यानं राजीनामा दिला होता आणि शनिवारी रात्री दिव्यांच्या उजेडात होणारा सामना शेवटचा होता.

"घरात फोटोग्राफर जावई असताना बाहेरचा कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी यावर चष्मा काढून पुसला. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी असाच चष्मा पुसला होता.

जावयाचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, वाढदिवस. बस म्हटलं की बसणारी आणि हस म्हटलं की हसणारी माणसं टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"पण ही माणसं पळणार ना हो?" निघताना बायकोनं शंका काढली.

"पळाली म्हणून काय झालं? माणूस तोच असतो."

मैदानावर चारही खांबांवरून असा उजेड ओतला जात होता की हरवलेली सुई सापडावी. जावई खूश झाला. गोलच्या बाजूला, रेषेबाहेर, त्यानं स्टूल मांडलं आणि धडाधड फोटो काढले. मग ते पाहिले. माणसाच्या डोळ्याला जे लख्ख वाटतं ते कॅमेऱ्याला मिणमिणतं वाटतं, हे त्याला तेव्हा कळलं. खेळाडूंच्या जागी धुराचे लोट होते. शटरचा वेग वाढवला तर धूरही गेला, नुसता काळोख राहिला. काळोख घालवायला कॅमेरा जास्त संवेदनशील केला तर फोटोत दाणे उमटले, सगळ्यांच्या अंगावर जणू वाळू चिकटली. शिवाय ते दिवे डोळ्याला दिसणार नाही असे लुकलुकत होते; एकाच खेळाडूला एका फोटोत कावीळ झालेली आणि पुढच्या फोटोत तो हिरवा. फ्लॅश वापरू नका म्हणून पंचांनी आधीच हात जोडले होते.

तरी गडी चिवट. पूर्वार्ध संपत आला तेव्हा त्याचं गणित जमलं. पळणारा माणूस पायांसकट येऊ लागला. आता एवढंच बाकी होतं, की मेव्हण्यानं चेंडू अडवावा.

आणि चेंडू मेव्हण्याकडे येतच नव्हता. त्याचा संघ तीन गोलांनी पुढे होता. बचावाला एक आडदांड गडी होता, त्याला सगळे 'भिंत' म्हणत. त्याच्यापलीकडे वारासुद्धा येत नव्हता. मेव्हणा खांबाला टेकून उभा होता, बसस्टॉपवर उभं राहावं तसा.

सासरे उठून कठड्यापाशी आले. "जावईबापू, निघाला का?"

"काय काढू, बाबा? चेंडूच येत नाहीये."

"म्हणजे तेही आम्हीच बघायचं का?"

असं म्हणून ते समोरच्या संघाला ओरडून धीर देऊ लागले. "अरे, मारा की जरा इकडे! जेवला नाहीत का?"

शेजारी क्लबाची टोपी घातलेले गृहस्थ होते. "आजोबा, तुम्ही कोणाकडून?"

"मी गोलकीपरचा बाप."

"मग त्यांना का चढवताय?"

"बाप आहे म्हणूनच."

मध्यंतरात जावयानं भिंतीला गाठलं. भिंतीच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते.

"एकदा एकाला सोड ना पुढे."

"सोडू म्हणजे?"

"घसरल्यासारखं कर. लग्नात अंगठी नीट आली नाही तर मी पुन्हा घालायला लावतो की नाही? तसंच."

"फोटोवाले, हा सामना आहे."

"तीन गोलांनी जिंकताय. आणि तो काय, अडवणारच आहे."

भिंतीनं विचार केला. "माझा अल्बम कधी देताय?"

"सोमवारी."

"कोणत्या?"

"ह्याच."

उत्तरार्धात भिंत इतकी बेमालूम घसरली, की समोरचा खेळाडूच क्षणभर थबकला आणि आपलं काही चुकलं का म्हणून पंचांकडे बघू लागला. मग चेंडू घेऊन सुटला. मेव्हणा खांब सोडून पुढे आला. गुडघे वाकवले, हात पसरले. कठड्यापाशी सासऱ्यांनी श्वास रोखला. उजेड बरोबर, शटर बरोबर, नेम बरोबर.

पण वीस वर्षांच्या धंद्यानं जावयाचं बोट आणि जीभ एकाच तारेला जोडली होती. एक हलली की दुसरं दाबलं जायचं.

"इकडे बघा," तो म्हणाला. "हसा."

ताईच्या लग्नापासून मेव्हण्याचे झाडून सगळे फोटो ह्याच भावजींनी काढलेले. त्यानं मान वळवली आणि तो हसला. छान हसला. चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत गेला.

सामना तीन-एकनं जिंकला, तरी कपडे बदलायच्या खोलीत मेव्हण्यानं हातमोजे काढून बाकावर आपटले.

"भावजी, तुम्ही 'हसा' म्हणालात," मेव्हणा म्हणाला.

"मी म्हटलं म्हणून तू हसायचं?"

"सवय."

सासऱ्यांनी कॅमेरा मागून घेतला आणि चष्मा वर करून फोटो न्याहाळला. गवताची पाती मोजता आली असती. वाळू नाही, कावीळ नाही. हात पसरलेला मुलगा, मागे जाळी, चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड. आणि डोक्यावर चेंडू.

"जावईबापू," लग्नानंतर पहिल्यांदाच ते इतक्या मऊ आवाजात बोलले, "ही एवढी वरची कड कापता येते?"

"येते."

"कापा."

फोटो आता दिवाणखान्यात आहे, चांगला हातभर रुंद. आलेला पाहुणा थोडा वेळ बघतो आणि हटकून विचारतो, "यात चेंडू कुठंय?"

"अडवला," सासरे म्हणतात. "म्हणून तर हसतोय."

मेव्हणा तेवढ्यात पाण्याचं निमित्त करून आत जातो.