लकडगंजातले माझे डोहाळे

मी आयुष्यात एकदाच गरोदर राहिलो. तेही नऊ दिवस, आणि सगळ्या लकडगंज मोहल्ल्यासमोर. ही करणी आमच्या शेजारच्या द्वारकाबाईंची.

द्वारकाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळेत फुलदाण्या आणि संत्री. घरी मात्र फक्त बाया. लाकडं कापायच्या आरामशीनवरून टाकाऊ फळ्या आणायच्या आणि एकेका फळीवर एकेक बाई रंगवायच्या. आई, आईची आई, तिची आई. सगळ्या पोटुशा. ज्यांची नावं सापडली नाहीत त्यांना चेहरा नाही, पोट मात्र आहे.

"चेहरा नाही मालूम, पण पोट होतं हे तर पक्कं नं? नाहीतर मी कुठून आली?"

आल्यागेल्याला एकच अट. "तुह्या आईच्या आईच्या आईचं नाव सांग, मग चहा." बापाकडच्या सात पिढ्या घडाघडा म्हणणारे इथे गारद होत. आमचा पोस्टमन एका कपासाठी काटोलला मावशीला विचारून आला. नाव निघालं ठमाबाई. पोस्टमनला दोन कप मिळाले, ठमाबाईंना एक फळी.

बाईंचं दुसरं पालुपद, "तिले विचारलं का?" सुनेला यंदा मुलगाच हवा, असं कुणी म्हणालं की हेच. गाभण म्हैस विकायला निघालेल्या गवळ्यालाही हेच.

आता माझं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या मुलीनंतर सुमन, माझी बायको, म्हणाली, आता बस. ऑपरेशनच्या फॉर्मवर नवऱ्याची सही लागे. मला मुलगा हवा होता. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून फॉर्म ऑफिसच्या पिशवीत घालून दोन महिने सांगत राहिलो, "साहेब रजेवर आहेत." सही तुमची, साहेबांचा काय संबंध, हे सुमननं मला विचारलं नाही. द्वारकाबाईंना विचारलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर, रस्त्याकडे तोंड करून, एक फळी टांगलेली. चष्मा माझा, मिशा माझ्या, पिशवी माझी. पोट नवव्या महिन्याचं.

लोक सायकली थांबवून बघू लागले. आरामशीनचा मुनीम म्हणाला, "काय वसंतराव, काय खावंसं वाटून राहिलं?" नवव्या दिवशी तर बाईंनी फळीचं डोहाळजेवण घातलं. गल्लीतल्या बायांनी नारळ-तांदळांनी फळीची ओटी भरली. माझी सख्खी आई पहिल्या पाटावर बसून संत्रा बर्फी खात होती.

संध्याकाळी मी तणतणत गेलो. "फळी उतरवा."

"काहून गा? जड होऊन राहिलं का?"

"लोक हसतात मला."

"हसूनच राहिले नं? तुह्या पोटाचा कागद तर कोणी दाबून नाही ठेवला?"

फॉर्म पिशवीतच होता. त्यांच्या रंगाच्या डब्यावर ठेवून मी सही केली.

फळी काढायला त्या स्टुलावर चढल्या, तेव्हा आतल्या ओळीच्या शेवटी मला एक वीतभर फळी दिसली. चेहरा नाही. पोटही नाही.

"ही कुणाची आई?"

"कोणाचीच नाही." त्या खाली उतरल्या. "माही पोरगी. मी पंधराची होती. ती दोन दिवस जगली. बारशाच्या आधीच गेली, नाव कुठून राहीन? मी म्हटलं, आता दुसरं नको. तर सासरच्यांनी मलेच नको म्हटलं."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी घाईनं म्हणालो, "बाई, आमच्या तिसरीचं बारसं मी केलंच नाही. नुसतं तिसरी म्हणतो. तुमचंच नाव ठेवतो तिला."

"तिच्या आईले विचारलं का?"

विचारलं नव्हतं. घरी जाऊन विचारलं. सुमन पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिचं नाव द्वारकाच आहे. तुम्ही घरी नसले का आम्ही सगळ्या तेच म्हणतो. सासूबाईसुद्धा."

मी परत गेलो आणि द्वारकाबाईंना हे सांगितलं. त्या माझ्याकडे पाठ करून बराच वेळ स्टोव्हला पिन मारत राहिल्या. कुणाच्याही आईचं नाव न विचारता त्यांनी चहा टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी सगळा कप संपवला.