कार्बनची जोडी

सिद्रामअण्णा बंद पडलेलं ड्रिल मशीन आधी हुंगत. जाळीला नाक लावून डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, "जळकं न्हाय. उपाशी हाय." मग कडेची टोपी फिरवून आतला कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारा काळा तुकडा, काढायचा. नखाएवढा उरलेला, मागे स्प्रिंग. एकच झिजला असला तरी अण्णा दोन्ही बदलत. "जोडी मोडायची न्हाय. एकाला नवं दिलं की दुसरा रुसतो." झिजलेले मात्र फेकत नसत, खिशात टाकत. सोलापुरात काळ्या खिशाचा सदरा दिसला की अण्णाच समजायचे.

मी चिपळूणकडचा, सातवीत शाळा सुटलेला. अण्णा होते त्या यंत्रमागांच्या कारखान्यात मालकांनी ठेवून घेतलं, हेच उपकार. म्हणून माझं ड्रिल ठिणग्या उडवू लागलं तेव्हा भीतीनं कुणाला बोललो नाही, तसंच रेटत राहिलो. ते थांबलंच. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालू झालं तर ठीक, न्हाईतर गावाकडची गाडी धर."

"पळ कोकण्या, कार्बन आण," अण्णा म्हणाले. "जोडी आण."

धापा टाकत जोडी आणली. निळे, कोरे, दोन कार्बन पेपर. शाळेच्या कारकुनाकडचा तेवढाच कार्बन मला ठाऊक!

"यप्पा! आता मशीन पत्र लिवणार व्हय?"

तेवढ्यात मालक आले. "हे काय आणलंय?"

अण्णांनी कागद ओढून घेतले. "माजं हाय. मीच मागवलं. पत्राला."

मग खिसा उपडा केला, त्यातल्या त्यात लांब असे दोन निवडले, पॉलिश पेपरवर घासून मापाला आणले, स्प्रिंगा ताणल्या. ड्रिल घरघरलं. "दोन म्हाताऱ्यांचं लगीन लावलं बग!"

मालक गेल्यावर म्हणाले, "खोटं बोललो, आता खरं कराय पायजे की. लिव तुज्या आईला. नक्कल मला."

"तुम्हाला कशाला, अण्णा?"

"जोडी!"

तेव्हापासून दर रविवारी हाच नेम. अण्णांना वाचता येई ते कानडी. त्यांना पत्र लिहिणारं कुणी नव्हतं. पहिली नक्कल गुडघ्यावर पसरून त्यांनी विचारलं, "ह्यात आई कुटं हाय?" मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

वर्षभरानं स्प्रिंग शोधताना त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. साऱ्या नकला घडी घालून ठेवलेल्या. अक्षर सगळीकडे लख्ख होतं. प्रत्येक कागदावर पहिल्या ओळीतला एकच शब्द तेवढा बोटानं झिजून निळा फराटा झाला होता.