तारेला पाणी पाजणारे अप्पा

ज्या वर्षी उदगिरात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, त्या वर्षी आमच्या गल्लीतले मन्मथअप्पा रोज तांब्याभर पाणी एका तारेला पाजत. ही त्यांच्या वायरलेस सेटची अर्थिंगची तार. खोलीतून निघून परसातल्या खड्ड्यात उतरलेली. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि वरून अप्पांच्या वाट्याचं पाणी. अंघोळ त्यांनी कधीच सोडली होती. ते धान्याच्या मोंढ्यात शिरले की बैल तोंड फिरवत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच सुमारास आम्ही जागचे न हलता उस्मानाबाद जिल्ह्यातून नव्या लातूर जिल्ह्यात आलो. पेढे वाटले. पेढ्यावर प्यायला पाणी मात्र दोन्ही जिल्ह्यांत नव्हतं. अप्पांना पेढा द्यायला गेलो तर म्हणाले, "जिल्हा कुठला बी असू दे, आवाज साफ यायला पाहिजे."

मोंढ्यात आडत होती त्यांची, पण जीव जुन्या काचेच्या वॉलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, सेटांत. लष्कराच्या भंगारातून आणलेला सेट उचलायला चार हमाल लागले. पाचवा नुसता बघूनच खाली बसला. अप्पांनी एकेक वॉल कापसाने पुसून, जळका भाग बदलून तो जिवंत केला. घरातून हवेवर बोलायचा सरकारी परवाना होता त्यांच्याकडे. बटण दाबलं की वॉल तापेपर्यंत कोणी बोलायचं नाही. "थांब, जीव येऊ दे त्याला." जीव आला की गल्लीतले दिवे माना टाकत. ट्रान्झिस्टरचं नाव काढलं तर विचारत, "त्यात उजेड कुठं हाय?" त्या सेटवर जपान लागतं म्हणे. मी म्हणतो, आणखी जरा तापला असता तर कैलासही लागला असता.

पण संध्याकाळी अप्पा फक्त नांदेडकडचं भोकर लावत. तिथे गफूरमास्तर राहत, पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. त्यांचा छोटा सेटही अप्पांनीच दुरुस्त करून, एसटीत मांडीवर घेऊन पोचवला होता. मास्तरांचा आवाज चिमणीएवढा. इकडची खड्ड्यातली जमीन कोरडी पडली की तो घरघरीत बुडून जाई.

हे आम्हाला कुठलं माहीत? एके संध्याकाळी टँकरच्या रांगेत गल्ली पेटली. शेजारची गंगाबाई भरली घागर कमरेवर घेऊन तशीच अप्पांच्या दारात. मागे मी, तमाशा बघायला.

"अप्पा, माणसं तहानंनं मरायलीत न् तुम्ही तारंला पाजायलाव?"

अप्पांनी बोट ओठांवर ठेवलं. घरघरीतून एक थकलेला आवाज आला.

"मन्मथ, जेवलास का रे?"

अप्पांनी माइक तोंडाशी धरला. "जेवलो मास्तर. भाकरी न् आंबट वरण. तुम्ही?"

"मी बी. मटन होतं आज."

मी चुलीकडे पाहिलं. अप्पांच्या पारूवहिनी वारल्यापासून ती पेटलीच नव्हती. गल्लीला ते ठाऊक होतं. विचारायला मात्र कोणी गेलं नव्हतं.

अप्पांनी माइकचं बटण सोडलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर खोटं बोलायलेत. त्यांला उठून चूल पेटवणं होत न्हाई. रोज इचारतेत मात्र. दुसरं कोण इचारतंय मला?"

गंगाबाईने घागर खाली ठेवली. भांडायला आणलेलं तोंड तिने पदराने पुसलं.

"भोकरात माझी बहीण दिली हाय," ती म्हणाली. "मास्तरचं घर कुठल्या गल्लीत हाय, सांगा. उद्यापासून डबा जाईल. तुमच्याकडं बी येईल. आता खरं सांगा त्यांला."

अप्पांनी सांगितलं. जेवलो नाही हेही सांगितलं. मग बटण सोडलं.

तिकडून काहीच येईना. नुसती घरघर. मधूनच कोणीतरी नाक ओढल्यासारखं.

"वाळली वाटतं जमीन," गंगाबाई पुटपुटली. रांगेत उभं राहून भरलेली घागर तिने उचलली आणि परसात जाऊन निम्मी त्या खड्ड्यात ओतली.

मी पाहिलं होतं. खड्डा आधीपासून ओलाच होता.