दोषी ठरल्यावर भेटणारे मुकरीसाहेब

पनवेलच्या कोर्टात मुकरी वकील एखाद्या आरोपीच्या नातेवाइकांशेजारी येऊन बसले, की ते नातेवाईक रडायला लागत.

दिसायला मुकरीसाहेब भयंकर वगैरे मुळीच नव्हते. मेंदी लावलेली आखूड दाढी, इस्त्रीशी संबंध तुटलेला काळा कोट, खिशात बडीशेपेची पुडी. बाकावर टेकले, की शेजारच्याच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवत. पण ती बडीशेप हातावर पडली म्हणजे आपला माणूस आत गेला, अशी तालुक्यात समजूत होती. कारण मुकरीसाहेब खटला लढवत नसत. खटला हरेपर्यंत ते थांबत. निकाल ऐकून बाकीचे वकील फायली गोळा करायला लागले, की हे उठून उभे राहत आणि म्हणत, "गुन्हा झाला तो झाला. आता सजेचं बोलू."

बाररूममध्ये त्यांना 'तेराव्याचे भटजी' म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. ते म्हणाले, "भटजीला निदान जेवण तरी मिळतं."

त्यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. "दोषी आहे की नाही, यावर तुम्ही लोक वर्षानुवर्षं भांडता. आणि सजा किती, हे चहा निवायच्या आत ठरून जातं. ज्यात इन्सानाची जिंदगी जाते, त्यालाच टाइम नाही? डॉक्टर तरी नाडी बघून डोस देतो की!"

नाडी बघायची त्यांना इतकी सवय, की कोर्टाबाहेरही ती सुटत नसे. एकदा समोरच्या हॉटेलात पोऱ्यानं नाही, चांगल्या मिशा असलेल्या वेटरनं त्यांच्या कोटावर अख्खा कटिंग सांडला. मालक गल्ल्यावरून ओरडत उठला. मुकरीसाहेबांनी त्याला हातानंच बसवलं आणि वेटरला विचारलं, "चूक कबूल?"

"हो साहेब."

"मग सजेचं बोल. सकाळपासून बसलास का कुठे?"

"नाही साहेब."

"मालक, आरोपीला समोरच्या खुर्चीवर बसण्याची सजा. चहा माझ्यातर्फे. अपील चालणार नाही."

वेटर अवघडून बसला. मालक दोघांकडे असं बघत राहिला, जणू त्यालाच शिक्षा झाली होती.

मी तेव्हा कोर्टात नवा होतो. काळा कोट इतका कडक, की हात वर केला तर अख्खा कोट वर जायचा. गुन्हा शाबित झाल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं विचारतात, तेव्हा सगळे वकील एकच पालुपद म्हणत: आरोपी गरीब आहे, घरी बायको आणि लहान मुलं आहेत, दया करावी. मीही पाठ केलं होतं. एका केसमध्ये ते मी असं काही रडवेल्या सुरात म्हटलं, की शिपायानंसुद्धा मान हलवली. तेवढ्यात पिंजऱ्यातून माझा अशील म्हणाला, "साहेब, माझं लग्न कुठं झालंय?"

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. "दातार वकील, तुम्ही नक्की कुणाच्या मुलांबद्दल बोलताय?"

मी घाबरून म्हणालो, "माझ्या, मॅडम." माझंही लग्न झालेलं नव्हतं.

कोर्ट हसत होतं तेव्हा मुकरीसाहेब एकटे गंभीर होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली. आपलं कोण आत गेलं, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. पण ते म्हणाले, "दातारमियाँ, उद्यापासून माझ्याबरोबर फिरा. आरोपीचं लग्न झालंय की नाही, एवढं तरी विचारायला शिकाल."

असा मी सजेच्या धंद्यात शिरलो.

त्या काळात मुकरीसाहेब एका नव्या कायद्याच्या प्रेमात होते. कायदा येऊन चार वर्षं उलटली होती, पण ते त्याला नवाच म्हणत. छोट्या गुन्ह्यातल्या आरोपीनं स्वतःहून, कुणाच्या दबावाशिवाय गुन्हा कबूल केला, तर तो, फिर्यादी, पोलीस आणि सरकारी वकील समोरासमोर बसून तोडगा काढू शकतात. मग शिक्षा बरीच कमी होते, किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर माणसाला सोडताही येतं. प्ली बार्गेनिंग. बाररूमनं नाव ऐकल्याबरोबर जाहीर केलं, की आता कोर्टात आणि भाजी मार्केटात फरक उरला नाही. कुणी तो कायदा वापरायच्या भानगडीत पडलं नाही. मुकरीसाहेब मात्र पुस्तकातली ती पानं उघडून बसत. "बघा मियाँ, पहिल्या दिवसापासून फक्त सजेचं बोलायचं! हा कायदा सरकारनं माझ्यासाठी केलाय. फक्त गिऱ्हाईक मिळत नाही."

गिऱ्हाईक मला मिळालं. बारक्या वाघमारे. गरिबांना सरकारतर्फे वकील देतात, तसा मी त्याच्या वाट्याला आलो होतो. म्हणजे नशीब तिथूनच फिरलेलं. कातकरी आदिवासी, वय तिशी-पस्तिशीचं, हंगामात पळस्प्याजवळच्या वीटभट्टीवर, एरवी मिळेल तिथं. उलव्याच्या एका साइटवरून लोखंडी सळ्यांची गोणी घेऊन निघाला आणि गेटवरच सापडला. जामीन राहायला कुणी नव्हतं, म्हणून तेव्हापासून तुरुंगात.

आम्ही त्याला कोर्टाच्या कोठडीत भेटलो. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीपासून लांब बसला होता.

"सळ्या कशाला घेतल्यास, बाबा?" मुकरीसाहेबांनी विचारलं.

"खेकडं काढायला आकडा करायचा व्हता."

"आकडा एक. सळ्या गोणीभर?"

बारक्यानं जरा विचार केला. "एक घेतली. मंग दुसरी बी दिसली."

मुकरीसाहेब खूश झाले. "मियाँ, हे असंच्या असं मॅडमना सांगायचं. इतकं खरं कोर्टात कधी कुणी बोललेलं नाही."

"सायेब, किती बी काम सांगा," बारक्या म्हणाला. "पन आत नका ठेवू. आत जेवान जात नाय. रातीला आभाल दिसत नाय. आजून ऱ्हायलो तर मरन मी."

तो हे रडून म्हणाला नाही. हवामान सांगावं तसं म्हणाला. काडीसारखी मनगटं बघितली तर खोटं वाटायचं कारण नव्हतं.

मुकरीसाहेबांनी कंबर कसली. अर्ज केला. मॅडमनी बारक्याला एकट्याला आत बोलावून, हे तू आपल्या मनानं करतोयस ना, याची खात्री करून घेतली. साइटच्या इंजिनिअरला मुकरीसाहेबांनी गाठलं. त्याचा माल जागेवरच परत मिळाला होता. त्याला भरपाई नको होती, पुढची तारीख नको होती. तो आनंदानं राजी झाला. सरकारी वकील तोडग्यावर सही करायला तयार होते, शिक्षेवर मात्र अडून बसले. साइटवरच्या चोऱ्या वाढल्यात, हा सराईत असेल, याला आतच ठेवा. मॅडमनी शिक्षेवर सुनावणी ठेवली.

"आता याला ओळखणारा एक माणूस पाहिजे," मुकरीसाहेब म्हणाले. "याची वागणूक सांगेल असा. दातारमियाँ, पळस्प्याला जा. आणि जरा चौकशी करून आणा."

मी स्कूटर काढली. भट्टीवर कोर्टाचं नाव काढताच सगळ्यांना एकदम कामं आठवली. मी हताश होऊन नाक्यावर आलो, तर एका पत्र्याच्या शेडसमोर पांढरेशुभ्र कपडे घातलेले गृहस्थ बसले होते. समोर भलामोठा वजनकाटा. मी म्हटलं, धान्याचे व्यापारी दिसतात.

"बारक्या ना? सोन्यावानी मानूस हाय!" ते म्हणाले. "येतो की! आमी वसंतशेठ. कोर्टात कदी बोलवाल तवा येतो."

मी इतका हरखलो, की शेडमध्ये डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

सुनावणीच्या दिवशी वसंतशेठ अत्तर लावून आले. पिंजऱ्यात उभे राहून शपथ घेतली. बारक्याला कसं ओळखता, असं मी ऐटीत विचारलं.

"माझ्याकडं नेहमी माल घेऊन येतो. वजनात कदी लबाडी नाय!"

"कसला माल?" मॅडमनी विचारलं.

"भंगार, मॅडम. आमचा भंगाराचा धंदा."

सरकारी वकिलांच्या चेहऱ्यावर दिवाळी. चोरीच्या आरोपीची चांगली वागणूक सांगायला मी भंगारवाला आणला होता. बारक्यानं माझ्याकडे बघितलं. तो रागावला नव्हता. त्याला बहुतेक माझी कीव आली होती.

मी साक्षीदाराला खाली उतरवणार, इतक्यात मुकरीसाहेब उठले. "थांबा. बोलू द्या त्यांना. शेठ, हा काय काय आणायचा?"

"बाटल्या, डबे, पत्रे. रस्त्यावर पडलेलं."

"सळ्या?"

"तेच तर!" वसंतशेठना जुनं दुःख आठवलं. "किती येळा बोललो ह्याला, बारक्या, त्या उलव्याच्या साइटीवर सळ्या पडल्यात, आन, चांगला भाव देतो. आयकलंच नाय! बोलायचा, ती लोकांची हायेत. येवढ्या वर्षांत येक सळी नाय आनली."

शेठना आपण काय बोललो ते कळलं नाही. हवालदाराला कळलं. मॅडमनी शेठना बाहेर जाऊ नका, असं फार सौम्यपणे सांगितलं.

मग मॅडमनी बारक्याला विचारलं. त्यानं एक सळी आणि मंग दुसरी, हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडम बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिल्या. "याला हमीवर सोडण्याचा विचार होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "पण हमी कोणाची? आणि हा राहणार कुठे? हंगाम संपून भट्टी आता बंद झाली. ठावठिकाणा नसलेल्या माणसाला मी कोणत्या पत्त्यावर सोडू?"

बारक्या माझ्याकडे वळला. मी मुकरीसाहेबांकडे वळलो. हवालदारानं बारक्याच्या दंडाला हात लावला. एवढं सगळं होऊन तो परत त्या भिंतींत जाणार होता.

मुकरीसाहेबांनी गळ्यातले पांढरे बँड सोडले.

वकिलाला आपल्याच अशिलाचा जामीन राहता येत नाही. तसा नियम आहे. "मॅडम," ते म्हणाले, "या केसमधून मला मोकळं करा. आता आरोपीचे वकील फक्त दातार. मी साक्षीदार म्हणून येतो." आणि बँड माझ्या हातात देऊन ते सरळ पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "विचारा, वकीलसाहेब."

काय विचारायचं, हे ज्यांना विचारायचं तेच समोर उभे होते. जामीनदाराला विचारतात ते ठरलेले प्रश्न मी आठवू लागलो. नाव, धंदा. घर स्वतःचं? स्वतःचं, बापजाद्यांपासून. बारक्याला ठेवून घ्यायला तयार? तयार. हजेरीला आणणार? आणणार. सगळं खणखणीत. मला जोर चढला.

"घरात कोण कोण असतं?"

मुकरीसाहेब बोलायला लागले आणि थांबले. कोर्टात त्यांना असं थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मुलगे आहेत दोन. एक दुबईला, एक दोह्याला."

"घरात, साहेब," मी म्हटलं. माझं तोंड वेळेवर बंद होईल तर मी कसला.

"घरात मी."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही." मग मॅडमकडे वळून, उलटतपासणी झाल्यासारखं घाईघाईनं, "पण खोल्या आहेत. हवा आहे. मागं अंगण आहे, आभाळ दिसतं. त्याला झोपायला बरं पडेल."

मॅडमनी मान खाली घालून लिहायला घेतलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. बारक्यानं बंधपत्रावर अंगठा उठवला आणि त्याचा दंड हवालदारानं सोडला.

व्हरांड्यात आल्यावर मुकरीसाहेबांनी खिशातून किल्ली काढून बारक्याच्या हातात दिली. "मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या गल्लीत हिरवं दार. कुणालाही विचार. अंगणात हातपाय धू, पड जरा. आणि दार आतून लाव."

बारक्या किल्लीकडे बघत राहिला, मग मुठीत घट्ट धरून निघाला. तो फाटकाबाहेर गेल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, अहो, घराची किल्ली? सकाळीच चोरी कबूल केलीय त्यानं! तुम्हाला आज दुसरं काम नाही. बरोबरच जायचं होतं ना."

"बरोबर जाऊन काय करू? मग मलाच कुलूप काढायला लागलं असतं." त्यांनी माझ्या हातातले बँड घेतले आणि त्यांची घडी घालू लागले. "दाराला बेल आहे आमच्या, दातारमियाँ. आमच्या बेगमनं, जमीलानं, हौसेनं बसवली होती. चिमणीसारखी वाजते. जमीला गेली, तेव्हापासून मी कुलूप काढून आत जातोय. आज वाजवीन म्हणतो."

एवढं बोलून ते बाकावर टेकले. काम खरोखरच काही नव्हतं. रस्त्याकडे बघत थोडा वेळ बसले, मग घड्याळ बघितलं, मग पुन्हा रस्त्याकडे.

"पोचला असेल ना हो एव्हाना?" त्यांनी मला विचारलं.