भावकीचा ग्रुप आणि सासूबाईंचा फोटो

"फोटो कुठंही टाक, पण खाली दोन ओळी लिहीत जा," असं माझी मैत्रीण रत्नमाला बजावून सांगायची. तिचा स्वतःचा स्टुडिओ आहे, सूचना करायची तिला सवयच! मी म्हटलं, "फोटोच बोलला पाहिजे गं. ओळी कशाला?"

महिनाभर मी चेहऱ्यांचे फोटो काढायला शिकत होते. माझी दीड वर्षाची लेक मेघा कॅमेरा दिसला की पळायची. मग मी फोटो सोडून तिच्या मागं. पडेल, चार्जर तोंडात घालेल, काय नेम! माझ्याकडं तिच्या पाठीचे फोटो ढीगभर आहेत. स्थिर बसणारा चेहरा घरात एकच उरला, सासूबाईंचा.

रत्नमाला रोज चुका काढायची. "नाकाची सावली ओठावर आलीय, खिडकीकडं तिरकं बसव!" "मागं कुकर दिसतोय!" शेवटी म्हणाली, "उजेड जमला. पण आजींचा चेहरा सारखा पडलेला का?"

ते कॅमेऱ्याच्या हातात नव्हतं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत सासूबाईंच्या धाकट्या दिराचं, सिल्लोडच्या खंडेरावकाकांचं नाव छापायचं राहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. सासूबाईंनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. दर दिवाळीला त्या त्यांच्या वाटणीचे अनारसे वेगळ्या डब्यात काढायच्या आणि शिळे होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

एका सकाळी सगळं जुळून आलं. कोरी भिंत, डोक्यावर पदर, नजर किंचित वर. मागं धूसर उजेड हवा म्हणून समईसुद्धा पेटवली. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये असा काही फोटो आला म्हणता! चार लोकांचं मत घ्यावं म्हणून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर न लिहिता! मेघा झोपलेली, म्हणून फोनचा आवाज बंद केला.

दोन-अडीच तासांनी बघते तर जोडलेल्या हातांची रांगच रांग! एवढं कौतुक? माझे डोळे भरून आले. चुलत नणंदेनं विचारलं होतं, "वहिनी, अचानक कसं काय?"

मी लिहिलं, "अचानक कुठं! महिनाभर खटपट करत होते. आज एकदाचं जमलं!"

ग्रुप एकदम चिडीचूप. मला वाटलं, शब्द सुचत नसतील.

तेवढ्यात शेंद्र्याच्या कंपनीतून नवऱ्याचा फोन. "आई कुठंय?" अभयचा आवाज पार फाटलेला.

"मेथी निवडतायत."

"निवडतीय? अगं, इथं मला धरून बसलेत सगळे! पाणी पाजतायत! ग्रुप बघ आधी!"

बघितला. हातांच्या वर ओळीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली'! मी 'सासूबाई ठणठणीत' लिहीतच होते, तोवर दारात जीप थांबली.

"वहिनी गंऽऽ!" हंबरडा फोडत खंडेरावकाका आत आले. डोकं गुळगुळीत, ओठावरही सफाई! ज्या मिशांवर लिंबू ठेवावं, त्या मिशा गायब!

सासूबाई मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिल्या. "खंड्या? मिशा कुठं गेल्या रं तुझ्या?"

काका मटकन खाली बसले. "तू... हायेस व्हय?"

"हाये की! उंबरा ओलांडायला मी मरायचीच वाट बघत व्हतास?"

"आईच की गं तू माझी! दहाव्यापस्तोर धीर नाय निघाला. वाटंत फुलंब्रीतच उतरवल्या!"

मी पायाशी बसले. "काका, चूक माझीय. मी नुसता फोटो..."

"लई ब्येस चूक केलीस, सूनबाई," काका डोळे पुसत म्हणाले. "नायतर मी कवा आलो असतो?"

मग दीर-भावजय एकमेकांकडं बघून असे हसत सुटले की मेघा दचकून उठली. मी कॅमेरा उचलला. काकांचं डोकं चमकत होतं, मागं कुकरही आला. रत्नमाला फोटो बघून म्हणाली, "यात मी काही सांगणार नाही." तिचे, त्या जोडलेल्या हातांचे, अगदी त्या फुलंब्रीच्या न्हाव्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

एकच विनंती. काका घरी गेल्यापासून बाहेर पडत नाहीत म्हणे. कोण गेलं, असं गावात विचारतात आणि सांगण्यासारखं कुणी गेलेलंच नाही! तुमच्यापैकी कुणी सिल्लोडकडं जाणार असेल, तर जरा डोकावून या. आणि मिशा कुठवर आल्यात ते कळवा. सासूबाई रोज विचारतात!